सम्राटाला की सम्राटासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : रोमच्या फोरममध्ये, म्हणजे जुन्या शहराच्या मुख्य चौकात, तुम्ही सम्राट अँटोनायनस पायस आणि त्याची पत्नी फॉस्टिना यांचं देऊळ पाहिलंत. ‘इथे राजाराणीची पूजा व्हायची’ एवढंच सांगून मार्गदर्शक पुढे गेला. तेव्हापासून तुमच्या मनात आहे की रोमन लोक सम्राटाला खरोखर देव मानायचे, की तो सगळा भीतीपोटीचा देखावा होता? शिवाय पुढच्या वर्षी तुर्कस्तानला जाणार आहात, तर तिकडे या दृष्टीने काय पाहावं, हेही विचारलंत.

पंचवीसेक वर्षं मी लॅटिन आणि ग्रीक शिलालेख वाचतो आहे, आणि त्यातला मोठा काळ अशाच देवळांच्या दगडांपुढे गेला. माझं मत आधीच सांगतो. ‘मनातून मानत होते का’ याचं उत्तर दगडाकडे नसतं. दगड सांगतो ते असं : देऊळ कोणी बांधलं, परवानगी कोणाकडे मागितली, पैसा कोणाचा, आणि बळी नेमका कोणाला दिला. यातल्या शेवटच्या गोष्टीसाठी मराठीत फार सोयीचे दोन शब्द आहेत, ‘ला’ आणि ‘साठी’. आजारी मुलासाठी आपण देवाला नवस बोलतो. मूल देव नसतं, देव वेगळा असतो. सम्राटाची जागा या वाक्यात मुलाच्या ठिकाणी आहे की देवाच्या, यावर त्या काळात खरोखर वाद झाले आहेत, माणसांचे जीव टांगणीला लागले आहेत.

तुम्ही पाहिलेल्या देवळापासूनच सुरुवात करू. दर्शनी भागावर दोन ओळी आहेत. वरची ‘डिवो अँटोनिनो एत’, खालची ‘डिवाए फॉस्टिनाए एक्स एस. सी.’. म्हणजे ‘देवत्व पावलेल्या अँटोनायनसला आणि देवत्व पावलेल्या फॉस्टिनाला, सीनेटच्या ठरावानुसार’. दोन्ही नावं चतुर्थीत आहेत, जशी आपल्याकडे ‘श्रीगणेशाय नमः’ मधली. पण हा लेख एका दमात कोरलेला नाही. फॉस्टिना इ. स. 141 च्या सुमारास वारली आणि देऊळ एकट्या तिच्यासाठी सुरू झालं. तिची ओळ खांबांवरच्या आडव्या तुळईवर आहे. नवरा 161 मध्ये गेला, तेव्हा त्याचं नाव वरच्या पट्टीवर घातलं आणि शेवटी ‘एत’, म्हणजे ‘आणि’, जोडला. बायकोच्या देवळात नवरा वीस वर्षांनी राहायला आला, हे त्या एका अक्षरद्वयात दिसतं. पुढच्या वेळी गेलात तर चर्चचा दरवाजाही पाहा. देवळाचं चर्च झालं तेव्हा फोरम मातीने भरलेला होता, त्यामुळे दरवाजा त्या काळच्या जमिनीच्या पातळीवर काढला. उत्खननात माती निघाली आणि दरवाजा आता पायऱ्यांच्या खूप वर, अधांतरी राहिला आहे.

‘डिवुस’ हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. तो आणि आपला ‘देव’ एकाच मुळातले. मराठीत आपण मृत व्यक्तीच्या नावामागे ‘दिवंगत’ लावतो, त्यातला ‘दिव्’ही तोच, स्वर्ग. रोममध्ये मात्र दिवंगत व्हायला सीनेटचा ठराव लागायचा. ज्युलियस सीझरला इ. स. पू. 42 मध्ये हा मान मिळाला आणि जिथे त्याची चिता पेटली होती तिथेच, फोरममध्ये, इ. स. पू. 29 च्या 18 ऑगस्टला त्याच्या देवळाचं लोकार्पण झालं. देवळाचा आता चौथरा आणि वेदीचा गाभा तेवढा उरला आहे. वर साधं छप्पर आहे, आणि आजही लोक तिथे फुलं ठेवून जातात. पहिला सम्राट ऑगस्टस वारल्यावर एका माजी प्रीटरने, म्हणजे वरिष्ठ न्यायाधिकाऱ्याने, शपथेवर सांगितलं की त्याला स्वर्गात जाताना मी डोळ्यांनी पाहिलं; इतिहासकार डायो लिहितो की ऑगस्टसची विधवा लिव्हिया हिने त्याबद्दल त्याला दहा लाख सेस्टर्स (रोमन नाणी) दिले. प्रत्येकाला हा मान मिळाला असंही नाही. टायबेरियस, कॅलिगुला, नीरो, डोमिशियन यांना तो कधीच मिळाला नाही, आणि नीरोची चार महिन्यांचीही न झालेली मुलगी मात्र देवी ठरली.

म्हणजे रोम शहरात नियम निदान कागदावर स्पष्ट होता : सम्राट जिवंत असताना त्याचं सरकारी देऊळ नाही. मेल्यावर, ठरावाने. तुमच्या मार्गदर्शकाने सांगितलेली ‘राजाची पूजा’ ही इथे खरं तर मृताची पूजा होती.

पूर्वेकडे चित्र बदलतं. आशिया मायनरमधल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, ग्रीक शहरांना जिवंत राजाला देवाचे मान देण्याची सवय अलेक्झांडरनंतरच्या राजांपासूनची होती. इ. स. पू. 29 मध्ये त्यांनी नव्या सत्ताधीशाकडे, म्हणजे अजून ‘ऑगस्टस’ न झालेल्या ऑक्टेव्हियनकडे, परवानगी मागितली. त्याने उत्तर दोन भागांत दिलं. प्रांतात राहणाऱ्या रोमन नागरिकांनी इफेसस आणि निकिया इथे देवी रोमा (देवीच्या रूपातलं रोम) आणि दिवंगत सीझर यांची पूजा करावी. ग्रीकांनी हवं तर पर्गामम आणि निकोमीडिया इथे माझं देऊळ बांधावं. रोमा सोबत असल्याशिवाय प्रांतांतही देऊळ घ्यायचं नाही आणि रोम शहरात तर अजिबातच नाही, हे धोरण त्याने पुढे जपलं. मागणी खालून आली आणि परवानगी वरून मिळाली, हा क्रम लक्षात ठेवा. सम्राटाने फर्मान काढून आपली देवळं लादली, अशी जी समजूत असते ती बहुतेक ठिकाणी या क्रमापाशीच कोसळते.

या मागणीमागे काय होतं हे इ. स. 26 च्या प्रसंगात उघड दिसतं. टायबेरियसचं देऊळ कुठे व्हावं यासाठी आशिया प्रांतातली अकरा शहरं सीनेटपुढे भांडायला गेली, आणि इतिहासकार टॅसिटसने तो वाद लिहून ठेवला आहे. हालिकार्नासस म्हणालं, आमच्याकडे बाराशे वर्षांत भूकंप झाला नाही, पाया खडकात घेऊ. पर्गाममला सांगितलं गेलं की तुमच्याकडे ऑगस्टसचं आहे, तेवढं पुरे. इफेससकडे आर्टेमिस होती आणि मिलेटसकडे अपोलो, म्हणून तीही बाद झाली. शेवटी सार्डिस आणि स्मर्ना उरली. स्मर्नाने आठवण करून दिली की आम्ही रोमा देवीचं देऊळ पहिल्यांदा बांधलं ते इ. स. पू. 195 मध्ये, जेव्हा रोमचं प्रतिस्पर्धी शहर कार्थेज अजून उभं होतं आणि रोमचं मोठेपण कोणाला ठाऊक नव्हतं. देऊळ स्मर्नाला मिळालं. आणि ज्याच्यासाठी हा आटापिटा चालला होता त्या टायबेरियसने आदल्याच वर्षी स्पेनमधल्या एका प्रांताची अशीच विनंती नाकारताना सीनेटला सांगितलं होतं की मी मर्त्य माणूस आहे, माझी देवळं तुमच्या मनांत असू द्या.

आता ‘ला’ आणि ‘साठी’कडे येतो, कारण माझ्या मते सगळा गाभा इथे आहे. जेरुसलेमच्या मंदिरात ज्यू लोक सम्राटाच्या कल्याणासाठी रोज बळी देत असत, पण आपल्या एकाच देवाला. हा तोडगा अनेक वर्षं सर्वांना चालला. मग कॅलिगुला आला. इ. स. 40 च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ज्यूंचं शिष्टमंडळ त्याला भेटलं. त्यात फायलो हा तत्त्वज्ञ होता आणि त्याने ती भेट स्वतः लिहिली आहे. सम्राटाचा आरोप होता की तुम्ही मला देव मानत नाही. शिष्टमंडळ म्हणालं, आम्ही तुमच्यासाठी तीनदा बळी दिले : तुम्ही गादीवर आलात तेव्हा, आजारातून उठलात तेव्हा, आणि जर्मेनियातल्या विजयाची आशा धरून. कॅलिगुला म्हणाला, दिले असतील, पण दुसऱ्या कोणाला. मग माझ्यासाठी दिलेत म्हणून काय उपयोग? मला तर दिले नाहीत.

हे वाक्य वाचताना माझ्या अंगावर अजून काटा येतो. एका विभक्तीवर हजारो माणसांचं भवितव्य लटकलेलं होतं. कॅलिगुलाने तर जेरुसलेमच्या मंदिरात आपला पुतळा बसवण्याचा हुकूमही काढला होता. सीरियाचा सुभेदार पेट्रोनियस याने तो जमेल तितका लांबवला आणि 41 च्या जानेवारीत सम्राटाचाच खून झाला. आणि याच्या उलट बाजूला आशिया मायनरच्या ग्रीक शहरांतले लेख ठेवून पाहा. तिथे सम्राटाची देवळं आहेत, पुजारी आहेत, मिरवणुका आहेत, आणि तरीही बळीचा उल्लेख येतो तेव्हा तो बहुतेक वेळा ‘सम्राटांच्या वतीने, देवांना’ असाच येतो. जिथे कोणाचीच सक्ती नव्हती तिथेही लोकांनी स्वतःहून थोडं अंतर राखलं. देव आणि माणूस यांच्या मधली एक पायरी त्यांनी सम्राटाला दिली. ती धूसर होती, आणि मला वाटतं ती त्यांना धूसरच हवी होती.

आता इफेसस. तिथे डोमिशियनच्या काळात, इ. स. 89-90 च्या सुमारास, ‘सेबास्तोईं’चं देऊळ झालं. सेबास्तोस हे ‘ऑगस्टस’चं ग्रीक भाषांतर, म्हणून सेबास्तोई म्हणजे सगळे ऑगस्टस, हे घराणं. या देवळामुळे इफेससला ‘नेओकोरोस’ ही पदवी मिळाली. या शब्दाचं भाषांतर पुस्तकांत ‘मंदिररक्षक’ असं करतात, पण तो मूळचा देवळाची झाडलोट आणि देखभाल करणाऱ्याचा शब्द आहे. मराठीत त्याला चपखल शब्द आहे : गुरव. एक अख्खं शहर अभिमानाने स्वतःला सम्राटांचा गुरव म्हणवून घेत होतं, नाण्यांवर छापत होतं, पुढे सम्राट हेड्रियनच्या काळात ‘दोनदा गुरव’ झालं. शेजारच्या शहरांशी असलेली चुरस या एका पदवीत साठलेली आहे.

त्या लोकार्पणाच्या वेळी प्रांतातल्या शहरांनी पाठवलेल्या पुतळ्यांचे तेरा चौथरे सापडले आहेत. त्यांतला अफ्रोडिसियस शहराचा लेख मला फार आवडतो. आम्ही स्वतंत्र शहर आहोत, इफेससबद्दलच्या सद्भावनेने हे देत आहोत, असं तो आवर्जून सांगतो. म्हणजे द्यायचं तर आहेच, पण आमच्यावर बंधन नव्हतं हेही कोरून ठेवायचं. मग 96 मध्ये डोमिशियनचा खून झाला आणि सीनेटने त्याची स्मृती पुसण्याचा ठराव केला. देवळाचं काय करायचं? पाडलं असतं तर पदवी गेली असती. शहरांनी छिन्नी घेतली, डोमिशियनचं नाव खरवडलं आणि त्या खोलगट जागेत त्याच्या बापाचं, दिवंगत व्हेस्पेशियनचं, नाव बसवलं. तुम्ही त्या लेखांपुढे उभ्या राहाल तेव्हा उन्हाची तिरीप बाजूने पडेल अशी वेळ निवडा, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. खरवडलेला भाग सावलीत उमटतो. या देवळातल्या प्रचंड पुतळ्याचं डोकं आणि हातही मिळाले आहेत. पूर्वी ते डोकं डोमिशियनचं समजत, आता पुष्कळ अभ्यासक त्याचा भाऊ टायटस याचं मानतात.

अफ्रोडिसियस तर चुकवूच नका. तिथलं सेबास्तेइओन, म्हणजे सेबास्तोईंच्या पूजेचं स्थान, 1979 मध्ये उत्खननात सापडलं. समोरासमोर दोन तीनमजली इमारती, मधून सुमारे 90 मीटर लांबीचा मिरवणुकीचा रस्ता, टोकाला देऊळ. दोन स्थानिक कुटुंबांनी टायबेरियसपासून नीरोपर्यंतच्या काळात स्वखर्चाने हे बांधलं आणि अर्पण केलं ते ॲफ्रोडाइटीला, सम्राट देवांना आणि ‘जनते’ला. वरच्या मजल्यांवर 190 च्या आसपास कोरीव फलकांची जागा होती. एका फलकावर सम्राट क्लॉडियस ब्रिटानियाला, म्हणजे बाईच्या रूपातल्या ब्रिटनला, केस धरून जमिनीवर दाबतो आहे. दुसऱ्यावर नीरो कोसळणाऱ्या आर्मेनियाला धरून उभा आहे. त्या फलकाच्या लेखातला फक्त ‘नीरो’ हा शब्द पुढे कोणीतरी खोडला, बाकीचं ‘क्लॉडियस ड्रूसस सीझर’ तसंच ठेवलं. हे फलक सुंदर आहेत आणि क्रूरही आहेत, दोन्ही एकाच वेळी. रोमने जिंकलेल्या लोकांच्या बायकांच्या रूपातल्या प्रतिमा तिथे ओळीने उभ्या होत्या. ज्यांनी हे बांधलं ते स्वतःही, शहर नावाला स्वतंत्र असलं तरी, रोमच्या ताब्यातलेच, पण आपण जिंकलेल्यांत नाही तर जिंकणाऱ्यांच्या नातलगांत आहोत, हे त्यांना दाखवायचं होतं. ॲफ्रोडाइटी म्हणजेच रोमनांची व्हीनस, आणि सीझरचं घराणं आपलं कूळ व्हीनसपासून सांगत असे. नातं त्यांनी अचूक धरलं होतं.

पश्चिमेकडे मात्र पुढाकार कित्येकदा रोमचाच होता. गॉलमध्ये, आजच्या लियॉंजवळ, नद्यांच्या संगमावर ऑगस्टसचा सावत्र मुलगा ड्रूसस याने रोमा आणि ऑगस्टसची वेदी उभारली. तिचा पहिला पुजारी व्हर्कोंडारिदुब्नुस नावाचा गॉल होता. तिथे साठ जमातींचे प्रतिनिधी दरवर्षी जमत. ब्रिटनमधल्या कॅम्युलोड्यूनम इथे हा प्रयोग उलटला. तिथलं क्लॉडियसचं देऊळ स्थानिकांना कायमच्या गुलामगिरीचा बालेकिल्ला वाटे, आणि पुजारी म्हणून निवडलेल्यांची मालमत्ता धर्माच्या नावाखाली खर्चात जाई, असं टॅसिटस लिहितो. इ. स. 60-61 च्या, ब्रिटनमधली राणी बूडिका हिच्या उठावात रोमन वसाहतीतले लोक त्याच देवळात शिरून दोन दिवस लढले आणि तिथेच संपले. त्याच्या चौथऱ्यावर पुढे नॉर्मन किल्ला उभा राहिला, आजचा कोल्चेस्टरचा.

पण मोठ्या देवळांच्या नादात एक जग नजरेतून सुटतं, आणि मला तेच जास्त जवळचं वाटतं. इ. स. पू. 7 मध्ये ऑगस्टसने रोम शहराची नव्याने विभागणी केली आणि चौकाचौकातल्या लारेस या राखणदार देवांच्या शेजारी स्वतःच्या ‘गेनियस’ची, म्हणजे जन्मजात अंगभूत शक्तीची, पूजा सुरू झाली. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या गेनियसची पूजा घरची माणसं आणि गुलाम करतच असत. आता अख्ख्या शहराला एकच कर्ता पुरुष मिळाला. व्हेस्पेशियनच्या काळात अशा चौकांची मोजणी 265 भरली. त्यांचे पंच बहुतेक गुलामीतून सुटलेले लोक होते. इतर शहरांत ‘ऑगस्टालेस’ मंडळं होती, त्यांतही असेच मुक्त झालेले पैसेवाले. कायद्याने त्यांना नगरातलं कोणतंही पद मिळत नसे. सम्राटाच्या पूजेने त्यांना खास पोशाख, सणाच्या दिवशी मानाची जागा आणि दगडावर नाव मिळवून दिलं. ज्याला लहानपणी बाजारात विकलं होतं, त्याचं नाव आज आपण वाचतो. नेपल्सजवळच्या मिसेनममध्ये अशा मंडळाचं देऊळ सापडलं, तिथला घोड्यावरचा कांस्य पुतळा मूळचा डोमिशियनचा. चेहरा तेवढा बदलून त्याचा नर्वा, म्हणजे डोमिशियननंतरचा सम्राट, केला आहे.

‘मानत होते का’ या तुमच्या प्रश्नाला यापेक्षा जवळचा पुरावा हवा असेल तर दोन गोष्टी समोरासमोर ठेवतो. पहिली : नवस. वैद्यदेव अस्क्लेपिओसच्या देवळांत बरं झाल्याबद्दल लोकांनी वाहिलेल्या पाट्या आणि अवयवांच्या प्रतिकृती ढिगाने मिळतात. सम्राटाच्या देवळात तसं काही शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. पोट दुखलं तर कोणी ऑगस्टसकडे जात नव्हतं.

दुसरी गोष्ट याच्या बरोबर उलट सांगते. छळ झालेला गुलाम सम्राटाच्या पुतळ्यापाशी पळून जाऊन आसरा मागू शकत असे. स्पेनमधल्या बेटिका प्रांतात ज्युलियस सबीनस नावाच्या मालकाचे गुलाम असेच पुतळ्याकडे पळाले. सुभेदाराने विचारणा केली. सम्राटाचं उत्तर कायद्याच्या संग्रहात जपलं गेलं आहे : त्यांच्या तक्रारी ऐका, छळ खरा ठरला तर त्यांना विकायला लावा आणि ते पुन्हा त्या मालकाच्या हाती जाणार नाहीत हे पाहा. तो सम्राट म्हणजे अँटोनायनस पायस, ज्याच्या देवळापुढे तुम्ही उभ्या होतात. त्या गुलामांनी दगडाच्या पायाला मिठी मारली आणि त्या दगडाने त्यांना वाचवलं. त्यांच्या मनात काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण ज्याला मिठी मारली ते त्यांच्यासाठी नुसता देखावा नव्हता, एवढं मी ठामपणे म्हणेन.

ख्रिस्ती लोकांबद्दल एकच खुलासा, कारण हा प्रश्न पाठोपाठ येतोच. इ. स. 112 च्या सुमारास धाकट्या प्लिनीने, तिथला सुभेदार म्हणून, काळ्या समुद्राकाठच्या प्रांतातून सम्राट ट्रेजनला लिहिलं की संशयितांनी देवांचं आवाहन केलं आणि तुमच्या प्रतिमेला धूप व मद्य वाहिलं, तर मी त्यांना सोडतो. प्रतिमा तिथे होती, पण इतर देवांच्या मूर्तींसोबत. सगळा छळ सम्राटपूजेमुळेच झाला, असं म्हणणं फार सोपं करून सांगणं होईल.

एक धागा भारतापर्यंत येतो. पॉइटिंगर नकाशा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोमन मार्गनकाशात, जो मध्ययुगीन नकलेतून टिकला आणि आज व्हिएन्नात आहे, केरळच्या किनाऱ्यावर मुझिरिस बंदराशेजारी ‘टेम्प्लुम ऑगुस्ती’, ऑगस्टसचं देऊळ, असं लिहिलं आहे. जमिनीत त्याचा अवशेष मिळालेला नाही. मिऱ्यांच्या व्यापारासाठी मुक्कामाला असलेल्या परदेशी लोकांनी आपल्या गोटात ते बांधलं असेल, असं मला वाटतं; घरापासून लांब असलेले लोक जमायला एक जागा शोधतातच.

राहिला तुमचा प्रवास. इफेसस आणि अफ्रोडिसियस झालं की अंकाराला एक दिवस काढा. हाजी बायराम मशिदीला लागून रोमा आणि ऑगस्टस यांच्या देवळाच्या भिंती उभ्या आहेत. ऑगस्टसने स्वतःच्या कारकिर्दीचा जो जमाखर्च लिहून ठेवला तो इथे सर्वांत पूर्ण मिळतो : लॅटिन मजकूर प्रवेशमंडपात दोन्ही हातांना, ग्रीक भाषांतर गाभाऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर. सगळे तोच पाहतात, आणि पाहावाच. पण दर्शनी भिंतीच्या टोकावर, डाव्या बाजूला, पुजाऱ्यांची यादी कोरलेली आहे. कोणी कोणत्या वर्षी गावजेवण घातलं, कोणी आंघोळीला तेल पुरवलं, कोणी ग्लॅडिएटरांच्या लढती लावल्या, याची ती नोंद. नावं वाचा : आल्बियोरिक्स, आतेपोरिक्स. ही गलेशियातल्या केल्टिक सरदारांची घराणी. त्या यादीत पुलायमेनेस येतो, राजा अमिंतासचा मुलगा. अमिंतास हा तिथला शेवटचा राजा, इ. स. पू. 25 मध्ये तो मारला गेला आणि त्याचं राज्य रोमचा प्रांत झालं. मुलाच्या नावापुढे गावजेवणं आहेत, घोड्यांच्या शर्यती आहेत, बैलांच्या झुंजी आहेत, आणि मग एक नोंद आहे : ज्या जागेवर सेबास्तेइओन उभं आहे ती जागा त्याने दिली.